बसून करायचं नाटक

बर्गेन, ९ जानेवारी १९५१

ओलिने,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट चुलीत टाकायच्या आधी एवढं वाच, की मी काही मागायला लिहीत नाहीये. म्हणजे एक गोष्ट मागणार आहे, पण ती शेवटी.

सरकारने फिरती नाटक मंडळी काढली आहे, हे रेडिओवर ऐकलं असशील. की रेडिओ अजून घरात येऊ दिला नाहीस? बोटीने बेटोबेटी जायचं, जिथे नाटक कधी पोचलं नाही तिथे करायचं, आणि पुढच्या बोटीने निघायचं. या हिवाळ्यात आमच्या वाट्याला आपला किनारा आला. दौऱ्याचा कागद भिंतीवर लावला तेव्हा मी चष्मा लावून तो वाचला, आणि शेवटाजवळ नाव होतं स्कार्वोय. आमचा दिग्दर्शक ब्रेक्के, अगदी पोरगेलासा आहे, मला म्हणाला, "वाल्बोर्गबाई, हे स्कार्वोय आहे तरी कुठे?" "समुद्रात," मी म्हटलं. माझा जन्म तिथला आहे हे काही सांगितलं नाही.

तर मार्चमध्ये मी येते आहे. आपले वडील गेले हे मला इथल्या मासळीबाजारात कळलं होतं. आपल्याकडचा एक कोळी तराजूत कॉड टाकता टाकता म्हणाला, "पेडर गेला की तुमचा. माहीत नाही तुम्हाला?" तू कळवलं नाहीस म्हणून तेव्हा मी तुझ्यावर रागावले आणि अजूनही रागावलेली आहे. हे एकदाच लिहून टाकते, म्हणजे सारखं मधे मधे यायचं नाही.

माझ्याबद्दल तुला काय माहीत असणार? कॉन्सुलच्या घरी मोलकरीण म्हणून बोटीत बसले, तिथपर्यंत तू धक्क्यावर उभी होतीस. पुढचं सगळं बेरिट काकूच्या तोंडून ऐकलं असशील, म्हणजे मी पिते आणि लोकांना पाय दाखवते. पाय मी एकाच नाटकात दाखवले आणि पुन्हा दाखवा असा कुणी आग्रह केला नाही. खरी गोष्ट फार साधी आहे. कॉन्सुलच्या बायकोचं डोकं दुखत होतं म्हणून तिचं तिकीट मला मिळालं. त्या संध्याकाळी मी वरच्या गॅलरीत बसून जे बघितलं, त्यानंतर मला चांदीची भांडी घासता येईनात. मी नाटकवाल्यांच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी घेतलं, आणि पहिली काही वर्षं मी स्टेजवर तेच केलं जे कॉन्सुलकडे करत होते: ट्रे आणला, ट्रे नेला. मग एक मोठी नटी आजारी पडली आणि तिची भूमिका मला पाठ होती. सगळ्यांच्याच भूमिका मला पाठ असायच्या.

त्यानंतर मी राण्या झाले, विष घेतलं, नवरे सोडले, एकदा तर गॅलरीतली एक बाई "त्याला मारू नकोस गं!" म्हणून ओरडली. खऱ्या आयुष्यात मी एकच नवरा केला, पडदे रंगवणारा. भला माणूस होता, छातीच्या आजाराने लवकर गेला. आता मी आयांच्या भूमिका करते. आपल्या घराण्याचा चेहराच असा की तिशीत मला म्हाताऱ्या मिळायला लागल्या. लोक म्हणतात माझा आवाज न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जातो. सध्या थोडा बसला आहे, पण बर्गेनच्या हवेत कुणाचा बसत नाही?

आता मागणं. ये बघायला. बेटावर असशीलच, फक्त टेकडी उतरून ये. इतक्या लोकांनी मला बघितलं, तू एकदाही नाही.

वाल्बोर्ग

ओलेसुंड, ४ फेब्रुवारी

ओलिने,

मोजे पोचले. राखाडी लोकर, टाचेला दुहेरी वीण. पार्सलमध्ये चिठ्ठी नव्हती. मी दोन्ही मोज्यांत पार बोटांच्या टोकापर्यंत हात घालून पाहिला. तिथेही नव्हती. मग घातले, तर अगदी मापाचे. माझ्या पायाचं माप तुझ्या अजून लक्षात आहे, हेच उत्तर समजायचं का, हे मी बोटीत पडल्या पडल्या ठरवते आहे.

दुसरं उत्तर मात्र स्पष्ट आलं, दुकानदार रास्मुसचं. आम्ही तरुण मंडळाच्या हॉलमध्ये नाटक करणार होतो. तो लिहितो की हॉलमध्ये मीठ आहे, पिंपं आहेत, आणि उरलेल्या जागेत बाहेरगावचे कोळी झोपतात. "हेरिंग मासळी इतकी लागली आहे की माझ्याही माळ्यावर चौघं आहेत. नाटकवाल्यांनी हेरिंग गेल्यावर यावं." हेरिंगपुढे आम्हाला कोण विचारतो!

ब्रेक्के म्हणाला, "मग स्कार्वोय गाळू या." मी म्हटलं, थांब जरा, तिथे प्रार्थनाघर आहे. तो म्हणाला, "प्रार्थनाघरात कोण आपल्याला पाऊल टाकू देईल?" त्याचं चूक नाही. पण ते प्रार्थनाघर महिला मंडळाचं आहे. बायकांनी मोजे विणले, विकले, त्यातून त्याच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि किल्ली बायकांकडेच राहिली. वडीलसुद्धा प्रवचनाला उभे राहायचे ते आईला विचारून. आणि आता मंडळाची अध्यक्ष तू आहेस, असं रास्मुस लिहितो. अभिनंदन. मला कधी कुणी अध्यक्ष केलं नाही.

तेव्हा तू येतेस की नाही हा प्रश्नच आता मागे पडला. मी येते की नाही, हेच तुझ्या हातात आहे.

सोबत नाटकाचं पुस्तक पाठवते आहे, मंडळाला तपासायला. वाईट काही सापडणार नाही. एका आईची एका दिवसाची गोष्ट आहे. मार्गिट तिचं नाव. एकुलता एक मुलगा संध्याकाळच्या बोटीने अमेरिकेला निघालाय आणि ती त्याची पेटी भरते आहे. बस. ती एकदाही जाऊ नको म्हणत नाही. मुलगा आमचा आयविन्द करतो. विशीचं पोरगं व्हायचं आहे त्याला, आणि चाळिशी जवळ आली आहे, पोट तर तिच्याही पुढे गेलं आहे. बोट जरा हलली की बिचारा हिरवा पडतो. "बाई, मी खरंच अमेरिकेला गेलो असतो तर वाटेतच मेलो असतो," म्हणतो.

उत्तर क्रिस्तियानसुंदला पाठव. मोज्यांतून नको.

वाल्बोर्ग

क्रिस्तियानसुंद, १९ फेब्रुवारी

ओलिने,

"माननीय नाटक मंडळी यांस." असा मायना वाचून मी इतकी हसले की खोकला आला. पण सही तुझी होती. बऱ्याच वर्षांनी तुझी सही बघितली.

मंडळींना पत्र मीच वाचून दाखवलं. चेहऱ्याला रंग नाही. पडदा नाही. वेष नाही. नटांनी एकमेकांना स्पर्श करू नये. कुणी उभं राहू नये. सर्वांनी खुर्चीवर बसून, पुस्तक हातात धरून वाचावं, कारण मोठ्याने वाचन आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलं आहे. आधी एक स्तोत्र, मधे कॉफी. अध्यक्ष व्यासपीठावर बसून लक्ष ठेवतील.

ब्रेक्के लालबुंद झाला. "हे काय नाटक झालं? याला आजारपण म्हणतात!"

"मला चालेल," आयविन्द म्हणाला. "बसलं की पोट दिसत नाही."

"तुम्ही तरी समजवा ना त्यांना, बाई. तुमचीच माणसं ना ती," ब्रेक्के मला म्हणाला. मी तिथलीच आहे हे त्याला आता कळलं आहे.

मी त्यालाच समजावलं. म्हटलं, आमच्याकडे वाचलेलं खरं असतं आणि केलेलं खोटं. मी पुस्तक धरून "मार्गिट म्हणाली" असं वाचलं तर ती मार्गिटची गोष्ट. मी उठून "मी मार्गिट" म्हटलं की ती खोटी साक्ष. आमचे वडील म्हणायचे, दुसऱ्याचं रडणं आपलं म्हणून दाखवणं ही चोरी आहे. ब्रेक्के म्हणाला, "म्हणजे तुमचं सगळं आयुष्य चोरीत गेलं." मी म्हटलं, हो, आणि चांगली भरभराट झाली. तर आम्हाला सगळ्या अटी मान्य आहेत. तसं औपचारिक पत्र ब्रेक्के वेगळं पाठवेल, त्यात माननीय अध्यक्ष असा मायना असेल.

तू ही वाट काढलीस हे मला कळतं. मंडळात बेरिट काकूशी किती घासाघीस केली असशील तेही कळतं. तुझं वाचन मला आठवतं. वडील आपल्या दोघींना आळीपाळीने प्रवचन वाचायला लावायचे, आणि पुटपुटलं की टेबलावर मूठ. तू माझ्यापेक्षा चांगलं वाचायचीस. हे मी बर्गेनमध्ये कुणाला सांगत नाही.

आता, आधीच्या दोन पत्रांत जे लिहिता लिहिता गिळलं, ते लिहिते. माझा आवाज हवेने बसलेला नाही. घशात, स्वरतंतूवरच, गाठ आहे. डॉक्टरांनी दौऱ्यावर जायलाच मनाई केली होती. परतल्यावर कापणार. नंतर आवाज राहिला तर राहिला, नाहीतर कुजबूज. ब्रेक्केला माहीत नाही. त्याला वाटतं मी मधाची बाटली हौसेने बाळगते.

मला भीती वाटते, ओलिने. मरणाची नाही, डॉक्टर म्हणतो तसलं काही नाही. भीती ही की आवाज संपेल आणि तू तो ऐकलेलाच नसशील. ज्या गोष्टीसाठी मी घरी परतले नाही ती काय होती, हे तुला कधी कळणारच नाही. म्हणून मी त्या कागदावर स्कार्वोय बघितल्यापासून आवाज जपते आहे. इतर गावांत थोडा हात राखून बोलते, त्यांच्यापुढे मला लाजही वाटते. आणि तुमच्या अटी अशा की डोळे नाहीत, हात नाहीत, चाल नाही, फक्त आवाज. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला दोष देत नाही.

तुला आवडलंच पाहिजे असं नाही. बस, ऐक, घरी जा. एवढंच कर.

वाल्बोर्ग

बर्गेन, इस्पितळ, २ एप्रिल

ओलिने,

गाठ काढली. मला बोलायची मनाई आहे, म्हणून लिहिते. उशाशी शाळेची पाटी दिली आहे, तिच्यावर मी नर्सला "कॉफी" असं लिहिते आणि ती ते पुसून "दूध" लिहिते.

त्या संध्याकाळी तू तिथेच होतीस, तरी ती तुला सांगणार आहे, कारण तुला सगळं दिसलं नाही.

तू व्यासपीठाच्या कडेला, छोट्या टेबलापाशी, मीच पाठवलेलं पुस्तक उघडून बसली होतीस. आम्ही सगळे खुर्च्यांवर, आजारी माणसांच्या रांगेत बसल्यासारखे. पहिल्याच बाकावर बेरिट काकू विणकाम घेऊन. मागे रास्मुसच्या माळ्यावरचे कोळी, केसांत अजून खवले. स्तोत्र झालं. सगळ्यांनी ते इतकं जीव तोडून म्हटलं की आयविन्द माझ्या कानात म्हणाला, "बाई, आता यांच्यानंतर आपण काय करायचं?"

कॉफीपर्यंत आवाज राहिला. चांगला राहिला. मला माहीत असतं कधी चांगला आहे ते. बर्गेनमध्ये राण्या करतानाही इतका चांगला नव्हता. मी तुझ्याकडे बघितलं नाही, पण सगळं तुझ्यासाठीच वाचलं.

कॉफीनंतर पेटी भरायचा प्रवेश. "हा शर्ट वरती ठेवते, पहिल्या रविवारी लागेल," या वाक्याशी आवाज गेला. बसला, चिरकला, असं काही झालं नाही. नुसता गेला. मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. पुन्हा उघडलं. लोकांना आधी वाटलं हे असंच आहे. मग त्यांना कळलं. दाराशी ब्रेक्के पांढरा पडला होता. आयविन्दने माझ्याकडे हात केला आणि अट आठवून मागे घेतला.

तेवढ्यात तुझी खुर्ची सरकली. तू उठून माझ्या शेजारी आलीस, उभीच राहिलीस, पुस्तक तोंडासमोर धरलंस आणि वाचलंस, "हा शर्ट वरती ठेवते, पहिल्या रविवारी लागेल." प्रवचन वाचतेस त्याच सुरात. ना चढ, ना उतार, एक एक शब्द स्वच्छ.

आणि मी उभी राहिले. ठरवून राहिले असं म्हणणार नाही. मार्गिटचं बोलणं चालू होतं, तर तिचे हात रिकामे कसे राहतील? समोर पेटी नव्हती, शर्ट नव्हता. मी शर्ट घेतला, झटकला, घडी केली, ठेवला. तू वाचत होतीस, मी भरत होते. बेरिट काकूच्या सुया थांबल्या. तुमच्या अटींतली निम्मी कलमं मी तुझ्या डोळ्यांदेखत मोडली आणि तू पान उलटलंस.

शेवटचं वाक्य तू वाचलंस, पुस्तक मिटलंस, जागेवर जाऊन बसलीस. कुणी टाळी वाजवली नाही. प्रार्थनाघरात टाळी वाजवत नाहीत, हे मी मंडळींना सांगायचं विसरले होते. आयविन्दला वाटलं आता आपल्याला धक्क्यापर्यंत हाकलून नेणार.  मग रास्मुस उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "हं. कॉफी अजून आहे."

बेरिट काकू माझ्याजवळ आली. "त्या पोराने पोचल्यावर पत्र टाकलं का गं?"

मी घशाकडे बोट दाखवलं. आयविन्द मदतीला आला. "काकू, ते नाटक होतं. तो मुलगा म्हणजे मीच."

"ते दिसतंय मला, आंधळी नाही मी. पत्र टाकलं का?"

"टाकलं, काकू," आयविन्द म्हणाला.

"मग बरं," असं म्हणून ती लेफ्सेच्या पोळ्या वाढायला गेली.

पहाटेची बोट होती. तू धक्क्यावर आलीस, माझ्या हातात लेफ्से बांधलेलं फडकं दिलंस, म्हणालीस, "घशाला गुंडाळून घे काहीतरी." मला बोलता येत नव्हतं, आणि तुला सवय नव्हती. बोट सुटली.

काल डॉक्टर येऊन बसला. खुर्ची ओढून बसला तेव्हाच मला कळलं. कुजबूज येईल, म्हणतो, स्वयंपाकघरापुरती. म्हणजे स्कार्वोयचा तो प्रयोग शेवटचा. थिएटरने फुलं पाठवली, फार मोठी, मेलेल्या माणसाला पाठवतात तेवढी. मी रडले थोडी. आवाज न करता रडणं मला स्टेजवर चांगलं जमायचं, आता दुसरा इलाजच नाही.

पण मला सलतं ते आवाजाचं नाही, ओलिने. आवाज तू ऐकलास, अर्धा का होईना. मला सलतं ते हे. मी उठून उभी राहिले तेव्हा तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस. उभ्या आयुष्यात मी याहून चांगलं काम केलं नाही, हे मी खोट्या नम्रतेशिवाय सांगते. सगळ्या बेटाने ते बघितलं. माळ्यावरच्या कोळ्यांनी बघितलं. आणि तू एकटी पुस्तकात डोळे घालून होतीस. मला त्याचा राग नाही. तू वाचलं नसतंस तर ते झालंच नसतं. पण तू बघावंस म्हणून मी आले होते, आणि तू बघितलं नाहीस, आणि आता ते पुन्हा होणार नाही.

लिहून टाकलं. आता पाटीवर "दूध" लिहिते, म्हणजे नर्स खूश होईल.

वाल्बोर्ग

स्कार्वोय, ११ एप्रिल

वाल्बोर्ग,

मला पत्रं लिहायचा सराव नाही. मंडळाची लिहिते ती वेगळी.

हेरिंग गेली. हॉल रिकामा झाला, पण वास जायला उन्हाळा लागेल. लाल गाय व्याली. वडील गेले तेव्हाचं आपण समोरासमोर बोलू. तुला बोलता येणार नाही म्हणतेस, तर मला मधे न अडवता सांगता येईल. जूनमध्ये ये. माडीवरची खोली झाडून ठेवते. बेरिट काकू दर रविवारी विचारते की ती पेटीवाली कशी आहे.

आता तुझ्या शेवटच्या तक्रारीचं. नाटकाचं पुस्तक मंडळाने तपासायचं होतं, ते माझ्याकडे आलं. मी ते तपासलं. मग पुन्हा तपासलं. गोठ्यात घेऊन जात होते. तुम्ही आलात तोवर मला ते सगळं पाठ होतं, पोराचंसुद्धा.

पुस्तक तोंडासमोर धरलं ते बेरिट काकू माझ्याकडे बघत होती म्हणून. अध्यक्षाने पुस्तकात बघावं, नाटकाकडे बघू नये. मी पानं अंदाजाने उलटली. दोनदा दोन-दोन उलटली असतील. पुस्तकाच्या कडेवरून मी तुझ्याकडेच बघत होते, तू उभी राहिलीस तेव्हापासून पार शेवटापर्यंत.

पहिला शर्ट घडी करताना तू त्याची कॉलर हनुवटीखाली धरलीस आणि बाह्या मागे टाकल्यास. आई तशीच करायची. तुला ते माहीत तरी आहे का, कोण जाणे. दुसरा शर्ट तू तसाच केलास, आणि तिसरा करताना थांबलीस.

पुस्तकात हनुवटीचं काही लिहिलेलं नाही. तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा तपासलं.

ओलिने